तुटलेला धागा, विझवलेला दिवा : ब्रेकच्या इशाऱ्याचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/
स्वयंचलित मागावर ताण्याचा एक धागा तुटला की त्या धाग्यावर तोललेली पातळ पोलादी पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. मोटारीच्या ब्रेक पॅडमध्ये पुरलेली बारीक तार झिजून तुटली की चालकासमोर इशाऱ्याचा दिवा लागतो. पहिली गोष्ट सोलापूरच्या विणकराला समजावून सांगावी लागत नाही. दुसरी सोलापूर-पुणे महामार्गावर धावणाऱ्या कित्येक गाड्यांत आहे. दोन्हींमागील कल्पना एकच, आणि हा इशारा गप्प करण्याची माणसाची ओढही एकच. अलीकडे मोटारीतील हा दिवा पक्कड-पाना हाती न घेता, केवळ संगणक जोडून बंद करता येतो. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘कोडिंग’ म्हणतात. ही कृती नवी भासते. तिची वंशावळ मात्र वाफेच्या इंजिनापर्यंत जाते. हा थ्रेड त्या वंशावळीचा.

२/
प्रथम यंत्र समजून घेऊ. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. घर्षणाने गतीची उष्णता होते आणि गाडी थांबते. या व्यवहारात पॅड स्वतः झिजतो. झिजणे हेच त्याचे काम. अनेक गाड्यांत पॅडच्या पोटात ठरावीक खोलीवर तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. पॅड तेवढा झिजला की तार डिस्कवर घासते, तुटते, मंडल खंडित होते आणि दिवा लागतो. काही रचनांत तार डिस्कला टेकताच मंडल पूर्ण होऊन दिवा लागतो. काही महागड्या गाड्यांत दोन टप्प्यांचे सेन्सर असतात. पहिला टप्पा संपला की गाडी उरलेल्या किलोमीटरांचा अंदाजही सांगते.

३/
पॅडची कहाणी चामड्यापासून सुरू होते. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ यांनी दोन मुलांसह मानहाइम ते फोर्झहाइम हा प्रवास मोटारीने केला. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांनी ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराचा, म्हणजे आपल्याकडच्या ‘लायनर’चा, जन्म पुष्कळदा येथूनच सांगितला जातो. पुढे १८९७मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी डोंगरउतारावरून येणाऱ्या घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी टिकाऊ ठोकळे बनवण्यास आरंभ केला. त्यांच्याच आडनावाच्या अक्षरांतून ‘फेरोडो’ हे नाव घडले. लाकूड आणि चामडे यांची झीज डोळ्यांना दिसत असे. ब्रेक उघड्यावर होता, आणि चालक गाडीतून उतरून तो पाहत असे.

४/
डिस्क ब्रेकने हे चित्र पालटले. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले, परंतु त्याचा बोलबाला झाला तो १९५३मध्ये, डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकल्यावर. जुन्या ड्रम ब्रेकचे अस्तर झिजले, की वेळोवेळी तो आवळून घेतला नाही तर पेडल अधिक खोल जाई. पायाला झीज कळत असे. डिस्क ब्रेकचा पिस्टन पॅड झिजेल तसा आपोआप पुढे सरकतो. पेडल जवळजवळ तेथेच राहते. सुधारणेने चालकाचे सुख वाढवले आणि त्याच वेळी झीज त्याच्या पायापासून लपवली. लपलेल्या झिजेला वाचा हवी होती. ती कधी डिस्कवर घासून किंचाळणाऱ्या पोलादी पट्टीच्या रूपाने आली, कधी तारेच्या आणि दिव्याच्या.

५/
इशारा देणारे यंत्र मात्र मोटारीहून फार जुने. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दनी पापँ यांनी वाफेच्या भांड्याला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. दाब मर्यादेपलीकडे गेला की झडप उचलली जाई आणि वाफ फुसफुसत बाहेर पडे. घराघरांतल्या कुकरची शिट्टी याच घराण्यातली. या झडपेचा आवाज म्हणजे एकाच वेळी इशारा आणि उपाय. तरीही तिला गप्प करण्याचा मोह फार लवकर उद्भवला. झडप दाबून धरली तर वाफ वाया जात नाही, दाब वाढतो, इंजिन अधिक ओढते. शिवाय कानाशी सतत चाललेला आवाजही थांबतो.

६/
१७ जून १८३१. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना. ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ हे इंजिन उभे होते. तत्कालीन वृत्तांतानुसार फायरमनला वाफेचा आवाज नकोसा झाला आणि त्याने झडप दाबून बंद केली. बॉयलर फुटला, तो फायरमन दगावला. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. गुलामगिरीवर उभ्या असलेल्या त्या समाजात हा कामगार कृष्णवर्णीय होता. त्याचे नाव नोंदले गेले नाही. त्याची चूक मात्र नोंदली गेली. दोष ज्याच्यावर आला तो साक्ष द्यायला उरला नव्हता. इशारा बंद केल्याच्या कथा बहुधा वरच्यांनी लिहिलेल्या आणि खालच्यांविषयीच्या असतात, हे या पहिल्याच गाजलेल्या उदाहरणात दिसते.

७/
त्या रेल्वे कंपनीने पुढे काय केले, तेही बोलके आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह इतर कोणाच्या हाती लागणार नाही, अशा जागी हलवला गेला. इंजिन आणि प्रवाशांचे डबे यांच्यामध्ये कापसाच्या गाठी रचलेला एक सपाट डबा जोडण्यात आला, पुन्हा स्फोट झालाच तर आडोसा असावा म्हणून. इंग्लंड याच निष्कर्षावर त्याआधी पोहोचले होते. एप्रिल १८१७मध्ये नॉर्विच येथे एका वाफेच्या बोटीचा बॉयलर फुटून माणसे मेल्यावर संसदेच्या समितीने सुचवले की, प्रत्येक बॉयलरला दोन झडपा असाव्यात आणि त्यांपैकी एक इंजिन चालवणाऱ्याच्या हाताबाहेर असावी. कुलूपबंद इशाऱ्याची कल्पना येथे स्पष्ट होते.

८/
१८५०च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम यांनी कुलपाहून हुशार तोडगा काढला. त्यांच्या रचनेत दोन झडपा एकाच स्प्रिंगने आणि एकाच दांड्याने जखडलेल्या होत्या. एक झडप दाबायला दांड्यावर जोर दिला की दुसरीवरचा ताण सैल होई. म्हणजे लबाडीचा प्रयत्नच लबाडी हाणून पाडी. याबरोबर इशारा जपण्याच्या दोन परंपरा आकाराला आल्या. एक कायद्याची : हात लावाल तर शिक्षा होईल. दुसरी रचनेची : हात लावला तरी उपयोग होणार नाही. पुढील दीडशे वर्षे या दोन्ही परंपरा समांतर चालल्या, आणि दोन्ही सोलापूरपर्यंत पोहोचल्या.

९/
कायद्याची परंपरा गिरण्यांच्या धुराड्यांखाली आली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे शहराची ‘जुनी गिरणी’, १८७७ची. पाठोपाठ नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या. हजारो माणसांच्या पोटाची चूल बॉयलरच्या आगीवर पेटत होती. कलकत्त्यात १८६३ साली झालेल्या स्फोटानंतर प्रांतोप्रांती बॉयलर तपासणीचे कायदे होऊ लागले, आणि १९२३च्या भारतीय बॉयलर कायद्याने ते एका सूत्रात आणले. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड करून तो निकामी करणे हा या कायद्यात स्वतंत्र गुन्हा होता. स्फोट होण्याची वाट कायदा पाहत नाही. इशारा मारणे हाच अपराध. हे वाक्य ध्यानात ठेवावे. मोटारीच्या प्रसंगी त्याची पुन्हा गरज पडेल.

१०/
रचनेची परंपरा रेल्वेने आणली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग पुण्याकडून १८६० साली सोलापुरास पोहोचला. तोवर भोर घाटाचे काम अपुरेच होते. मुंबईहून येणाऱ्याला घाट पालखीने, तट्टावर किंवा पायी चढून पुढची गाडी गाठावी लागे. १८६३मध्ये घाट खुला झाला आणि सोलापूरचा कापूस अखंड रुळांवरून बंदराकडे निघाला. सुमारे पंचवीस किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि कमाल उतार ३७ फुटांमागे एक फूट. रस्त्याच्या हिशेबाने हा उतार किरकोळ आहे. लोखंडावर लोखंड घसरते त्या हिशेबाने तो भयंकर आहे. चढणे हा इंजिनाचा प्रश्न होता. उतरणे हा ब्रेकचा.

११/
घाटातील उत्तर कॅच सायडिंगचे. उताराच्या मार्गावर ठिकठिकाणी बाजूला चढावर जाणारा एक आंधळा रूळ काढलेला असतो. काटे नेहमी त्या आंधळ्या रुळाकडे वळवलेले असतात. उतरणारी गाडी तेथे पूर्ण थांबली, ताब्यात आहे हे सिद्ध झाले, तरच काटा मुख्य मार्गाकडे फिरवायचा. सुटलेली गाडी आपोआप चढावावर जाते आणि तेथेच अडकते. या व्यवस्थेचा स्वभाव पाहण्याजोगा आहे. ब्रेक चांगले आहेत, असे ती गृहीत धरत नाही. ब्रेक निकामी आहेत असे धरून ती चालते आणि पुरावा मागते. सोलापूरहून मुंबईस जाणाऱ्या प्रवाशाला उतारावर गाडी रेंगाळते तेव्हा कंटाळा येतो. त्या रेंगाळण्यात एका शतकाहून जुना अविश्वास आहे, आणि तो त्याच्याच बाजूचा आहे.

१२/
हाच विचार ब्रेकच्या नळीत उतरला. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८६९च्या पहिल्या एअर ब्रेकमध्ये हवा सोडल्यावर ब्रेक लागत. नळी फुटली तर ब्रेकच नाहीत. १८७२च्या सुमारास त्यांनी तर्क उलटा केला. नळीत दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले; दाब गेला, नळी तुटली, डबे विलग झाले की ब्रेक आपोआप लागणार. भारतात दीर्घकाळ चाललेल्या व्हॅक्यूम ब्रेकचेही तत्त्व असेच. त्याची किंमत आयर्लंडमधील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी कळली. सहलीच्या गाडीचे डबे चढावावर विलग केले गेले, ते मागे घरंगळले आणि सुमारे ८० माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्या गाडीचा ब्रेक आपोआप लागणारा नव्हता. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित सलग ब्रेक सक्तीचे केले.

१३/
१८७२मध्येच अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी रुळांमधून बारीक विद्युतप्रवाह खेळवून गाडीचा ठाव घेणारे बंद मंडल सिद्ध केले. प्रवाह वाहतो आहे, तोवर मार्ग मोकळा. गाडी आली, तार तुटली, बॅटरी संपली, काहीही झाले तरी सिग्नल धोका दाखवणार. या तत्त्वाचा अर्थ फार खोल आहे. अशा व्यवस्थेत शांतता फुकट मिळत नाही. सर्व काही अखंड असल्याचा ती पुरावा असते. ब्रेक पॅडमधील तारेचे वेटोळे याच तत्त्वाचे वारस आहे. म्हणूनच तार नसलेला स्वस्त पॅड बसवला की दिवा लागतो. गाडीला पॅडची जाडी ठाऊक नसते. तिला एवढेच कळते की पुरावा आलेला नाही.

१४/
आता मागाकडे वळू. यंत्रमाग आला तेव्हा विणकरापुढील मोठा प्रश्न होता तुटलेल्या धाग्याचा. धोट्यातली कांडी संपली किंवा बाणा तुटला, तरी माग धडधडत राही आणि सदोष कापड निघे. १८४१मध्ये लँकेशायरच्या केनवर्दी आणि बुलो यांनी बाण्याचा धागा चाचपणारा काटा आणला. धागा नसला की माग थांबे. ताण्यासाठीची लोंबती पट्टी १८९४च्या सुमारास बाजारात आलेल्या नॉर्थरॉप मागाने रूढ केली. प्रत्येक उभा धागा एक पट्टी तोलून धरतो. तो तुटला की पट्टी पडते. ताण अखंड असेपर्यंत चालना, तुटताच थांबा. रेल्वेच्या नळीचाच तर्क सुतात विणलेला.

१५/
जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी या तर्काचे तत्त्वज्ञान केले. १८९६पासून ते यंत्रमाग बनवत होते. १९२४मध्ये त्यांचा स्वयंचलित ‘जी’ माग पूर्ण झाला. धागा तुटला की माग स्वतः थांबे. १९२९मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला एक लाख पौंडांस विकण्याचा करार झाला. त्या पैशातूनच टोयोटा मोटार जन्मली, असे सोपे समीकरण पुष्कळदा मांडले जाते. हिशेब तितका सरळ नाही. निर्विवाद आहे ते असे : माग बनवणाऱ्या कारखान्यातच १९३३मध्ये मोटारीचा विभाग निघाला, १९३७मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली, आणि दोष दिसताच यंत्राने थांबावे हे मागावरचे तत्त्व मोटारीच्या कारखान्याचे तत्त्व झाले. धाग्यापासून मोटारीपर्यंतचा पूल असा प्रत्यक्षात आहे.

१६/
तथापि, इशारा देणारे यंत्र नेहमी कामगाराचा मित्रच असते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. माग स्वतः थांबू लागला, तशी एका विणकराने अधिक माग सांभाळावेत ही मागणी आली. मुंबईच्या गिरण्यांतील १९२८चा प्रदीर्घ संप याच ‘रॅशनलायझेशन’च्या विरोधात पेटला होता. ज्याची मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते, त्याच्यासाठी मागाचा प्रत्येक थांबा म्हणजे खिशाला कात्री. खोटे थांबे देणारी पट्टी अडकवून ठेवण्याची इच्छा त्याला झाली, तर ती समजण्यासारखी आहे. इशाऱ्याचा लाभ एकाला आणि त्याचा त्रास दुसऱ्याला होत असेल, तर तो इशारा फार काळ बोलत राहत नाही. हे सूत्र मोटारीलाही लागू पडते.

१७/
मोटारीत दिवे आले ते कायद्याच्या पाठबळाने. अमेरिकेत १९६८पासून ब्रेकच्या द्रवदाबातील बिघाड दाखवणारा दिवा सक्तीचा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ब्रेकविषयक नियमांनी अस्तराच्या झिजेची दखल घेतली : एक तर ती बाहेरून सहज तपासता यावी, नाहीतर आवाजाने किंवा दिव्याने चालकाला कळावी. पर्याय नीट पाहावा. नियमाला दिवाच हवा, असे नाही. नियमाला हवे आहे ते कळणे. कसे कळावे, हे त्याने मोकळे ठेवले. त्यामुळे एकाच मॉडेलच्या काही गाड्यांत तार असते, काहींत किंचाळणारी पट्टी, तर काहींत केवळ चाकाच्या फटीतून डोकावण्याची सोय.

१८/
येथूनच कोडिंगची वाट निघते. १९८६मध्ये बॉश कंपनीने ‘कॅन’ हे जाळे जगापुढे ठेवले. गाडीतील अनेक छोटे संगणक एका तारजोडीवर एकमेकांशी बोलू लागले. कारखान्याला एकच मीटरपट्टी सर्व गाड्यांत बसवणे स्वस्त पडते. मग या गाडीत ब्रेकचा सेन्सर आहे की नाही, हे तिला सांगायचे कसे? तिच्या स्मृतीत एक खूण लिहून : आहे, किंवा नाही. अशा शेकडो खुणांचा समूह म्हणजे कोडिंग. फोक्सवॅगन समूहाच्या कित्येक गाड्यांत झिजेच्या सेन्सरची अशी खूण मीटरपट्टीच्या संगणकात असते. ‘नाही’ हा पर्याय फसवणुकीसाठी निर्माण झाला नव्हता. तो खरोखर सेन्सर नसलेल्या गाडीसाठी होता. सेन्सर असलेल्या गाडीत तोच पर्याय निवडला की दिवा मिटतो.

१९/
त्या स्मृतीपर्यंत पोहोचण्याचे दार धुराच्या कायद्याने उघडले. फोक्सवॅगनने १९७०च्या दशकाच्या आरंभीच निदानयंत्र जोडण्याचे सॉकेट दिले होते. पण ते सार्वत्रिक झाले कॅलिफोर्नियाच्या प्रदूषणामुळे. इंजिनाने स्वतःच्या बिघाडाची नोंद ठेवावी आणि ती कोणालाही वाचता यावी, या हट्टातून ‘ओबीडी-दोन’ हे प्रमाण घडले. अमेरिकेत ते १९९६च्या मॉडेलपासून सक्तीचे झाले, भारतात २०१३पासून. सोळा टाचण्यांचे ते सॉकेट धूर मोजण्यासाठी होते. त्याच दारातून आत गेलेल्याला पुष्कळ गाड्यांत दिव्यांच्या, काचांच्या, कुलपांच्या आणि ब्रेकच्या इशाऱ्याच्या खुणाही सापडल्या. वाचण्यासाठी केलेले दार लिहिण्यासाठीही वापरात आले.

२०/
मालक हा दिवा का मालवतात? कारणे सामान्य आहेत. मूळ कंपनीचे पॅड महाग. बाजारातील पर्यायी पॅडना तार नसते. पॅड नवा असूनही धूळ, पाणी, उष्णता यांनी सेन्सरची तार तुटते. पूर्वी मिस्त्री सेन्सरकडे जाणाऱ्या दोन तारा कापून एकमेकींना पिळून देत. मंडल पूर्ण, दिवा शांत. कोडिंग हे त्याच पिळाचे सभ्य रूप. शिवाय एक युक्तिवाद खरोखर वजनदार आहे : अष्टौप्रहर जळणारा दिवा इशारा उरत नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. खोट्या दिव्याची सवय झालेला डोळा शेजारच्या खऱ्या दिव्याकडेही दुर्लक्ष करतो. खोटा इशारा बंद करणे सदैव बेजबाबदारपणाच असते, असे इतिहासही म्हणत नाही.

२१/
मग तोटा कोठे आहे? पिळलेली तार चाक काढताच दिसते. झडपेला बांधलेली दोरी दिसते. कोडिंगमधील ‘नाही’ डोळ्यांना दिसत नाही. निदानयंत्र जोडून मूळ नोंदीशी ताडून पाहिले तरच ते कळते. गाडी विकली जाते आणि नव्या मालकाला शांतता वारशाने मिळते. ती पुराव्याची शांतता आहे, असे तो समजतो. पॅडचे अस्तर संपल्यावर मागची पोलादी पट्टी डिस्कवर घासू लागते, डिस्कला खोल ओरखडे पडतात, उष्णता वाढते, थांबण्याचे अंतर लांबते. पिस्टन प्रमाणाबाहेर पुढे आला तर द्रव गळण्याची भीती असते. दिवा मालवणारा आणि उतारावर पेडल दाबणारा, हे अशा वेळी दोन वेगळे इसम असतात.

२२/
अविश्वास केवळ मालकांवरच ठेवावा, असेही नाही. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला : गाडीतील संगणक चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत होता. जगभरातील सुमारे १.१ कोटी गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीने मान्य केले. भारतात राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड सुनावला. त्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. येथे इशारा कारखान्यातच गप्प केला गेला होता. गाडीच्या स्मृतीवर केवळ निर्मात्याचा हक्क असावा, या दाव्याला त्यामुळे मोठा तडा गेला. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. त्यात वाहन उद्योगही आहे. स्वतःची गाडी वाचण्याचा हक्क मान्य होत असताना तिच्यात लिहिण्याच्या जबाबदारीचा प्रश्न उघडाच आहे.

२३/
भारतीय कायदा येथे काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम १९०नुसार, ज्या दोषामुळे गाडी इतरांना धोकादायक ठरते, तो माहीत असताना किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता अशा स्थितीत गाडी सार्वजनिक जागी चालवणे वा चालवू देणे हा गुन्हा आहे. बॉयलरच्या कायद्याशी हे ताडून पाहावे. तेथे इशारा मारणे हाच अपराध. येथे कायद्याचा रोख दोषावर आहे. परंतु ‘साधी काळजी’ हे शब्द महत्त्वाचे. दिवा स्वतः मालवणाऱ्याला ‘मला कळले नाही’ असे म्हणणे अवघड जाईल. कळण्याचा एक मार्ग त्यानेच बंद केला, आणि दुसरा उघडला की नाही, हे त्यालाच दाखवावे लागेल.

२४/
सोलापूरच्या जुन्या गिरण्या आता बंद आहेत. चादर आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग चालू आहेत. १९९२मध्ये स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या येथील कारखान्यांतून देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट जातात. मागाकडून मोटारीकडे जाणारी वाट या शहरानेही आपल्या परीने चोखाळली आहे. म्हणून या इतिहासातील व्यवहार्य धडा येथे परका वाटू नये. ज्यांनी इशाऱ्याची जागा दुसऱ्या तपासणीने भरली, त्यांचे निभावले. घाटात दिवा नव्हता, पण थांबण्याचा नियम होता. ज्यांनी आवाज घालवला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही, त्यांच्या निर्णयाची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच कोणी मोजली.

२५/
ज्याच्या गाडीत हा दिवा कोडिंगने बंद आहे, त्याने घाटाचा नियम स्वतःला लावून घ्यावा : पुरावा मिळेपर्यंत ब्रेक संपले आहेत, असे समजावे. प्रत्येक सर्व्हिसिंगला चारही चाकांच्या पॅडची जाडी, आतली आणि बाहेरची दोन्ही, मोजून घ्यावी. पुष्कळ गाड्यांत सेन्सर एका आसावरील एकाच चाकाला असतो, त्यामुळे दिवा चालू असणाऱ्यांनाही हे चुकत नाही. केलेला बदल सर्व्हिसच्या वहीत तारखेसह लिहावा. गाडी विकताना ती वही नव्या मालकाच्या हाती द्यावी, आणि दिवा बंद आहे हे त्याला तोंडानेही सांगावे. चार्ल्सटनच्या त्या अनाम फायरमनच्या हाती कोणी काय दिले होते, त्याला कोणी काय सांगितले होते, याची नोंद कोठेही नाही.

(थ्रेड समाप्त)